टोळीतला 'वाघ' घरी कोण असतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही एका गुन्हेगार कुटुंबावर कादंबरी लिहिताय. बाप 'वाघ', थोरला मुलगा 'लांडगा', धाकटा 'कोल्हा', मुलगी 'नागीण' आणि पोलिसांना टिप देणारा जावई 'उंदीर'. पहिला खर्डा तिघांना वाचायला दिलात. दोघं म्हणाले, लहान मुलांच्या गोष्टीसारखं वाटतं. तिसरा म्हणाला, शेवटी धाकटा भाऊ फितूर होतो तेव्हा काहीच वाटत नाही. आता तुम्ही विचारताय की नावं बदलावीत का, आणि बदलायची तर कुठले प्राणी घ्यावेत.

प्राणी बदलून फरक पडणार नाही. वाघाच्या जागी सिंह आणला आणि लांडग्याच्या जागी तरस, तरी ते दोघं तेच म्हणतील. मी बावीस वर्षं गुन्हेगारी कथा लिहितोय. गेली काही वर्षं नव्या लेखकांची हस्तलिखितंही वाचतो, त्यांच्याबरोबर बसतो. हे दुखणं इतक्यांदा भेटलंय की पहिल्या दहा पानांतच ओळखू येतं. तुम्हाला आलेल्या तक्रारी दोन दिसतात, पण मला ती एकच तक्रार वाटते. तुम्ही दिलेल्या उताऱ्यात निरीक्षक 'वाघ' म्हणतो, टोळीतली पोरं 'वाघ' म्हणतात आणि जेवायला वाढताना बायकोसुद्धा म्हणते, "वाघ, हात धुऊन घे." त्या एका वाक्यात घर आणि टोळी यांच्यामधली भिंत पडली. ज्या घराला आत आणि बाहेर असं काही उरलंच नाही, त्याच्याशी इमान राखणं म्हणजे काय हे वाचकाला कळणार कसं? आणि जे कळलंच नाही ते मोडलं म्हणून दुखणार कसं?

काही गोष्टी तुमच्या लिखाणाच्या जातीवर अवलंबून आहेत, त्या आधी बाजूला काढतो. तुम्ही जाणूनबुजून अतिरंजित, चित्रकथेच्या वळणाचं काही लिहीत असाल, तर सगळ्यांना प्राण्यांची नावं चालतील. तिथे वाचक मुखवटे बघायलाच आलेला असतो. निवेदक घरातलाच एखादा असेल आणि 'मी'ने गोष्ट सांगत असेल, तर तो बापाला मनातल्या मनात काय म्हणतो हा वेगळाच पेच पडतो. पंधरा-वीस पानांच्या कथेत असं एकच नाव मावतं, दुसऱ्याला जागा नसते. तुमची कादंबरी तिसऱ्या पुरुषी निवेदनातली, वास्तववादी आणि साडेतीनशे पानांची आहे, असं तुम्ही म्हणताय. पुढचं सगळं ते धरून लिहितोय.

कादंबरीतल्या पात्राचं नाव कागदावर लेखक ठेवतो, पण गोष्टीच्या आत ते कुणा माणसाने ठेवलेलं असतं. म्हणून प्रत्येक टोपणनावासाठी मी वहीत तीन ओळी लिहितो: नाव कोणी ठेवलं, कुठल्या प्रसंगी ठेवलं, आणि ते कोण कधीच वापरत नाही. पहिल्या दोन ओळी कुणालाही सुचतात. मी अडतो तिसऱ्या ओळीवर, आणि कुटुंबाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

खऱ्या गुन्हेगारी जगातलं एक उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कच्या गॅम्बिनो टोळीत साल्वातोरे ग्रावानो होता, 'सॅमी द बुल' म्हणून ओळखला जाणारा. लहानपणी चोरीला गेलेली सायकल परत मिळवायला हा मोठ्या पोरांशी भिडला. बाजूला उभ्या असलेल्या टोळीवाल्यांनी ते पाहिलं आणि पोरगा बुलसारखा आहे म्हणाले, अशी त्या नावाची हकिकत सांगितली जाते. म्हणजे नाव गुन्ह्याच्या आधी आलं, आणि ते देणारे होते टोळीचे लोक. जणू घरच्यांच्या आधी त्यांनीच त्याचं बारसं केलं. पुढे १९७८मध्ये टोळीने त्याच्या सख्ख्या मेहुण्याला मारायचं ठरवलं आणि याने ते होऊ दिलं. १९९१मध्ये तो सरकारी पक्षाला मिळाला, स्वतःचा एकोणीस खुनांतला हात कबूल केला आणि १९९२मध्ये त्याच्या साक्षीवर टोळीप्रमुख जॉन गॉटीला जन्मठेप झाली. २०००मध्ये तो अमली पदार्थांच्या प्रकरणात पुन्हा पकडला गेला, तेव्हा त्याचा मुलगा आणि मुलगीही त्याच प्रकरणात होती. टोळीसाठी मेहुणा गेला, स्वतःसाठी टोळी गेली आणि शेवटी धंद्यात पोटची पोरंही ओढली गेली. या माणसाची निष्ठा नेमकी कुणाशी होती, या प्रश्नावर एक अख्खी कादंबरी उभी राहू शकते. ती 'बुल' या शब्दावर उभी राहणार नाही. तो शब्द उच्चारणारा आणि न उच्चारणारा यांच्यामधल्या अंतरावर राहील.

याच शब्दाशी जरा थांबतो. 'बुल'ला मराठीत काय म्हणाल? बैल म्हटलंत तर नांगराला जुंपलेला, मान खाली घालून ओढणारा, घाण्याभोवती फिरणारा जीव डोळ्यांपुढे येतो. वळू म्हटलंत तर मोकाट, कुणाचं न ऐकणारा, वाटेत येईल त्याला शिंगावर घेणारा. एकाच्या मानेवर जू आहे, दुसऱ्याच्या नाही. कुटुंबाच्या गोष्टीत हा फरक फार मोलाचा आहे. टोळी ज्याला 'वळू' म्हणते त्याला त्याची बायको मनातून घाण्याचा बैल समजत असेल, तर तुम्हाला अर्धं पात्र फुकट मिळालं. परभाषेतल्या कथा वाचून नावं उचलताना हे हातातून निसटतं, म्हणून सांगितलं.

दुसरं उदाहरण सिसिलीचं. तिथल्या माफियाचा प्रमुख साल्वातोरे रिइना याला वर्तमानपत्रं 'ला बेल्वा' म्हणत, म्हणजे हिंस्र श्वापद. त्याच्या मुलखातलं त्याचं नाव होतं 'उ कुर्तू', म्हणजे बुटका. श्वापद हे नाव लांबून दिलेलं आहे. जे रोज शेजारी उभे राहत त्यांना त्याची उंची दिसत होती. मी हा नियमच करून टाकलाय: माणूस जितका जवळचा, तितकं त्याने ठेवलेलं नाव लहान आणि अंगाजवळचं. वाघ, सिंह, नाग ही नावं ठेवणारे बहुधा घाबरलेले असतात किंवा बातमी विकणारे असतात. तुमच्या बापाला 'वाघ' म्हणणारी बायको मला पटली नाही ती त्यामुळेच. तिने त्याला घोरताना पाहिलंय.

आता आपल्या भाषेकडे येतो, कारण इथे आपल्या हातात जे आहे ते तुमच्या उताऱ्यात कुठेच वापरलेलं दिसलं नाही. मराठीत प्राण्याला नात्याने हाक मारायची सवयच आहे. वाघोबा, कोल्होबा, चिऊताई, उंदीरमामा. मांजर तर वाघाची मावशी. नुसता प्रत्यय बदलला की माणसाची पायरी बदलते. एखाद्याला टोळीत 'बोका' म्हणतात असं समजा. वरचा माणूस 'बोक्या' म्हणेल, त्यात माया असेल किंवा दटावणी. बरोबरीचा 'बोका' म्हणेल. नव्याने आलेलं, जीव मुठीत धरून वावरणारं पोरगं 'बोकाभाई' म्हणेल. उद्या तेच पोरगं सगळ्यांदेखत 'ए बोक्या' म्हणालं, तर सत्ता पलटली हे सांगायला तुम्हाला वेगळं वाक्य लागणार नाही. मी एका कथेत टोळीतलं अख्खं बंड एका '-भाई'च्या गळण्यावर दाखवलं होतं.

आणि उलट बाजूही बघा. टोळी प्राण्यांची नावं देते आणि नात्याचे शब्द मात्र घरातून उचलते. दादा, भाई, अण्णा, मामा. इटालियन टोळ्याही स्वतःला 'फॅमिली' म्हणवतात. म्हणजे टोळीत परक्याला दादा म्हणायचं आणि सख्ख्या भावाला लांडगा. मग एक साधा प्रश्न स्वतःला विचारा: बापाला सगळी टोळी 'दादा' म्हणत असेल, तर त्याचा मुलगा चारचौघांत त्याला काय म्हणतो? 'बाबा' म्हणाला तर तो मुलगा म्हणून उभा आहे, 'दादा' म्हणाला तर नोकर म्हणून. पैशाच्या हिशेबाच्या वेळी तो काय म्हणतो आणि बापाला गोळी लागते तेव्हा काय म्हणतो? तुमच्या दोन्ही मुलांची उत्तरं वेगळी असली, तर त्यांच्यातला फरक दाखवायला लांडगा आणि कोल्हा लागणारच नाहीत.

आडनावांचा एक मुद्दा पटकन सांगून पुढे जातो. वाघ, कोल्हे, लांडगे, गरुड, ससाणे ही आपली नेहमीची आडनावं आहेत. तुम्ही नुसतं "वाघ आत आला" लिहिलंत तर मराठी वाचक पहिली चार पानं ते आडनावच समजणार. हा गोंधळ टाळता येतो, पण वापरताही येतो. टोपणनाव एकट्याचं असतं, आडनाव सगळ्यांचं. बापाने कमावलेली दहशत मुलीला आडनाव म्हणून मिरवावी लागते, शाळेच्या हजेरीपटापासून नोकरीच्या अर्जापर्यंत. ज्या कुटुंबात खरं आडनावच प्राण्याचं आहे, त्यातला एखादा ते बदलून घेतो तेव्हा त्याने घर सोडल्याची त्याहून सरळ खूण मला माहीत नाही.

आता प्राण्यांच्या निवडीबद्दल, कारण तुम्ही ते मुद्दाम विचारलंय. नावाबरोबर दोन प्राणी पानावर येतात, गोष्टीतला आणि रानातला. भाषेतला नाग डूख धरतो, कोल्हा लबाड असतो, बगळा ध्यान लावून बसतो. नाव ठेवणाऱ्या पात्राच्या डोक्यात हाच प्राणी असतो आणि ते बरोबरच आहे, कारण तो प्राणिशास्त्र शिकून नाव ठेवत नाही. पण लेखकाने रानातला प्राणीही माहीत करून घ्यावा. दोघांमध्ये जी फट असते तिथे कथानक शिरतं.

लांडग्याचंच बघा. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७मध्ये पिंजऱ्यातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. सतत झुंजून वरचढ ठरणारा 'अल्फा' ही कल्पना तिथून पसरली. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. पुढे त्याच मेक यांनी मोकळ्या रानातल्या कळपांचं निरीक्षण करून १९९९मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, आणि कळपाचे पुढारी म्हणजे निव्वळ आईबाप. पिल्लं वयात आली की एक-दोन वर्षांत बाहेर पडतात, जोडीदार शोधतात, आपलं घर मांडतात. म्हणजे रानातला लांडगा घर सोडतो ती फितुरी नसते, ती वयाची गोष्ट असते. तुमच्या थोरल्याला टोळी 'लांडगा' म्हणते ती क्रूरपणासाठी. पण त्याला मनातून वेगळं व्हायचंय, आणि बाप त्या वेगळं होण्यालाच गद्दारी समजतो. झुंज पिंजऱ्यात होते, रानात नाही, एवढी एक गोष्ट लेखक म्हणून तुम्हाला माहीत असली की बापाने घराचा पिंजरा कसा केला ते तुम्ही जास्त नेमकं लिहाल. वाचकाला लांडग्यांवर एक ओळही सांगू नका.

तरसही असाच. आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसांत माद्या नरांवर वरचढ असतात आणि आईची पायरी लेकीकडे जाते. लेकींमध्येही बहुधा धाकटी थोरलीच्या वर जाते, कारण भांडण झालं की आई धाकटीची बाजू घेते. नर मोठे होऊन दुसऱ्या कळपात निघून जातात. वारसाहक्काच्या भांडणाचा इतका तयार आराखडा माणसांच्या इतिहासातही शोधावा लागेल. आणि तुम्ही मुलीला 'नागीण' करून टाकलंत. नागीण म्हटलं की वाचकाला सूड आणि रूप एवढंच दिसतं, आणि मुलगी त्या दोन शब्दांत कोंडली जाते. तुमच्या उताऱ्यात घरातली सगळ्यात हुशार व्यक्ती तीच आहे. तिला प्राण्याचं नाव देऊच नका. टोळीला तिच्यासाठी नाव सुचत नाही, ती काय आहे हेच त्यांना कळत नाही, हे जास्त धास्तीचं आहे.

कोल्ह्याच्या बाबतीत एक सावधगिरी. कोल्ह्यांत नर-मादीची जोडी टिकून राहते आणि आधीच्या विणीतली काही पिल्लं मागे राहून धाकट्या भावंडांना भरवतात. हे वाचून तुम्हाला मोह होईल की 'कोल्हा' नावाचा भाऊच सगळ्यांत इमानी निघाला असं करावं. नुसतं उलटं केलेलंही वाचक तितक्याच लवकर ओळखतो. माझ्या सुरुवातीच्या एका कादंबरीत टोळीप्रमुख 'नाग' आणि त्याच्या मागावरचा पोलीस 'मुंगूस' होता. पाचव्या पानावर शेवट उघडा पडला होता. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी घाईघाईने नागाला जिंकवलं, तर तेही लोकांनी आधीच ओळखलं. नावातच निकाल लिहिलेला असला की तो सरळ लिहिलाय की उलटा, याने काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. तेव्हापासून जोडीने येणारे प्राणी मी एका कथेत घेत नाही.

इथवरचं थोडक्यात: नाव कोणी दिलं ते ठरवा, ते घरात येऊ देऊ नका, प्रत्ययांना काम करू द्या आणि प्राण्याचा रानातला स्वभाव मनात ठेवून कथानक बांधा. नावांचं झालं. आता तिसऱ्या वाचकाच्या तक्रारीकडे, निष्ठेकडे वळतो.

गुन्हेगारी कथेत कुटुंबावरचं प्रेम सांगून काही साधत नाही. प्रत्येक जण आपल्या माणसांवर प्रेम करतो, खुनीही करतो. इथे निष्ठा मोजली जाते ती गप्प राहण्यात, लपवण्यात, खोटं बोलण्यात आणि त्याची किंमत भरण्यात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ही म्हण मला या सगळ्या साहित्यप्रकाराचा गाभा वाटते. दाताने ओठ चावला तर तक्रार कुणाकडे करणार? आणि दुसरी गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. माकडीण पिल्लाला घेऊन हौदात आहे, पाणी चढतंय, ती पिल्लाला कडेवर घेते, खांद्यावर घेते, डोक्यावर घेते. नाकातोंडात पाणी जायला लागलं की त्यालाच पायाखाली घेऊन उभी राहते. मी प्रत्येक कुटुंबकथेच्या आधी या हौदाचं चित्र काढतो आणि प्रत्येक पात्राचं पाणी कुठवर आहे ते लिहितो. कुणी गुडघ्यापाशीच पिल्लू सोडतो. कुणी शेवटपर्यंत सोडत नाही आणि बुडतो. तुमच्या धाकट्या भावाचं पाणी किती चढलं होतं ते मला उताऱ्यात कुठे दिसलं नाही. निरीक्षकाने दहा मिनिटं समजावलं आणि तो बोलला. पाण्याची पातळी दिसली नाही तर फितुरी कळते, पण पोचत नाही.

हे पाणी खऱ्या जगात किती वर जातं ते सांगणं मला भाग वाटतं. सिसिलीत सांतिनो दी मात्तेओ हा माफियावाला पकडला गेल्यावर १९९३मध्ये तपासयंत्रणेला माहिती देऊ लागला. त्याने जबानी मागे घ्यावी म्हणून त्याच्या बारा वर्षांच्या मुलाला पळवून नेलं गेलं. दोन वर्षांहून जास्त काळ त्याला कोंडून ठेवलं आणि १९९६च्या जानेवारीत मारलं. ज्याच्या हुकुमाने हे झालं त्या जोवान्नी ब्रुस्काचं टोपणनाव होतं 'उ वेर्रू', म्हणजे डुक्कर. तोही पुढे पकडला गेल्यावर सरकारी साक्षीदार झाला. मी हे प्रकरण कथेत कधी वापरलेलं नाही आणि वापरणारही नाही. पण 'फितूर' हा शब्द लिहिताना ते माझ्या समोर असतं. बापाने बोलावं की गप्प राहावं, याला तिथे बरोबर उत्तरच नव्हतं. तुमच्या धाकट्यापुढे असा पेच ठेवा, याहून खूप लहान असला तरी चालेल, ज्यात गप्प राहिलं तरी घरातलाच एक जण जातो.

टोळीतली निष्ठा वेगळी असते, ती एका परिच्छेदात उरकतो. रक्त पिणाऱ्या वटवाघळांना सलग दोन-तीन रात्री खायला मिळालं नाही तर ती मरतात. ज्याला त्या रात्री मिळालं नाही त्याला ढोलीतलं दुसरं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त ओकून देतं, हे जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४मध्ये दाखवून दिलं. ते नात्यातल्यांना देतात तसं बिननात्याच्या जुन्या सोबत्यालाही देतात. मला टोळी अशी दिसते: आज माझ्या घरी दिलंस, उद्या तुझ्या घरी देईन. हिशेब चोख असतो तोवर ती घरासारखी भासते. तुमच्या जावयाची, 'उंदरा'ची गोष्ट इथे बसते. त्याला घराने जावई म्हणून मान दिला, पण हिशेबात कधी धरलं नाही. म्हणून तो बोलतो. त्याचं बोलणं आणि धाकट्याचं बोलणं एकाच जातीचं ठेवू नका. एकाने हिशेब चुकता केला, दुसऱ्याने नाळ तोडली.

आता नाव आणि निष्ठा ही दोन्ही एकाच ठिकाणी कशी येतात, ते माझ्याच एका दीर्घकथेतून दाखवतो. तिच्यात दत्तात्रय नावाचा घरफोड्या आहे. एकोणिसाव्या वर्षी तो तिसऱ्या मजल्याच्या गजाला लटकलेला असतो. पहारेकरी आतून काठीने त्याच्या बोटांवर मारत राहतो, तरी साथीदार खाली उतरेपर्यंत हा गज सोडत नाही. त्या रात्रीपासून धंद्यात त्याचं नाव 'घोरपड'. घरी तो दत्तू. आईला ते दुसरं नाव ठाऊक आहे, पण तिने ते तोंडाने कधी घेतलेलं नाही आणि धाकट्या विलासलाही घेऊ दिलेलं नाही. निरीक्षक पहिल्यांदा घरी येतो तो प्रसंग असा:

"घोरपड कुठंय?"

आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "इथं माणसं राहतात."

"तुमचा थोरला."

"त्याचं नाव दत्तू. दोन दिवस घरी आला नाही."

साठ पानांनंतर विलास मरतो. दत्तूने त्याला पुढे केलेलं असतं आणि स्वतः मागच्या वाटेने निसटलेला असतो. निरीक्षक पुन्हा येतो. एवढ्या दिवसांत त्यालाही या घराची रीत कळलेली असते.

"दत्तू आलाय का घरी?"

आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले, दोन्ही बाजूंनी पुसले.

"दत्तू नाही आला," ती म्हणाली. "घोरपड माळ्यावर आहे."

पहिल्या खर्ड्यात इथे आईचं दीड पानाचं बोलणं होतं. नऊ महिने, दोन लेकरं, कुठल्या तोंडाने जगू, सगळं होतं. लिहिताना मला रडू आलं होतं आणि वाचणाऱ्या कुणालाच आलं नाही. दुसऱ्या खर्ड्यात ते अर्ध्या पानावर आणलं. तिसऱ्यात तो एक शब्द उरला. तो चालला, कारण आधीची साठ पानं त्या शब्दाला घरात पाऊल टाकायला मनाई होती. आईने ती स्वतः मोडली. एक साधी गोष्टही आपोआप झाली: तिने खोटं एकदाही सांगितलं नाही. पहिल्या वेळी मुलाला झाकलं तेव्हाही खरंच बोलली आणि दुसऱ्या वेळी दिलं तेव्हाही खरंच बोलली.

तुमच्या खर्ड्याचं मी काय करीन ते सांगतो. मुलीचं आणि जावयाचं प्राण्याचं नाव काढून टाकीन. 'उंदीर' हे नाव तर पहिल्याच पानावर त्याला खबरी म्हणून जाहीर करतं. लांडगा आणि कोल्हा यांपैकी एकच ठेवीन, बहुधा लांडगा. धाकट्याला नुसतं घरचं नाव देईन आणि टोळीत त्याला अजून नाव पडलेलं नाही हेच त्याचं दुखणं करीन. बापाचा 'वाघ' राहू देईन, पण तो पोलीस, बातम्या आणि टोळीतली पोरं यांच्या तोंडीच. मग अख्ख्या कादंबरीत घरातल्या कुणीतरी एकदाच, एकाच ठिकाणी तो शब्द वापरावा. कुणी आणि कधी, हे तुम्हीच ठरवू शकता, कारण त्या घरात कुणाचं पाणी किती चढलंय ते तुम्हालाच माहीत. धाकट्याची फितुरी त्याच जागी येऊ शकते. त्याने पत्ता सांगायचीही गरज पडणार नाही कदाचित. जबानीत 'माझे वडील' असं न म्हणता 'वाघ' म्हणाला, आणि ते टंकणाऱ्या हवालदाराने क्षणभर मान वर करून बघितलं, एवढं पुरेल.

सुरुवात मात्र त्या जेवणाच्या प्रसंगापासून करा. बायको हात धुवायला सांगते आहे. तिच्या तोंडचं 'वाघ' खोडा आणि तिथे ती लग्नापासून त्याला जे म्हणत आली असेल ते लिहा. ते सापडायला मला कधीकधी आठवडा लागतो. सापडलं की प्रसंग पुन्हा पाठवा, मी वाचीन.